हायवेवरची म्हैस

गाडीला ‘म्हैस’ हे नाव वहिनीने ठेवलं, आणि कौतुकाने तर मुळीच नाही. चिखल दिसला की हिचा आनंद गगनात मावत नाही, डांबरी रस्त्यावर आली की कधी कुठे वळेल याचा नेम नाही, आणि मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो, हिला त्याचं सोयरसुतक नाही. मग हिला म्हैस नाही तर काय हरिणी म्हणायचं, असा वहिनीचा सवाल होता. गाडी ज्याने घडवली तो दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, या नामकरणावर चांगला आठवडाभर फुगून बसला. गाडी जी चालवायची त्या चष्मेवालीला मात्र नाव एकदम पसंत पडलं.

चष्मेवाली ही दादाची धाकटी बहीण. तिने पन्नाशी ओलांडली तरी दादा तिला ‘बारके’ अशीच हाक मारायचा. बाजारात तिचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं, पण जीव रमायचा तो डोंगरातल्या वस्त्यांवर. तपासणीचं यंत्र, अक्षरांचा तक्ता आणि भिंगांच्या पेट्या जुन्या गाद्यांत गुंडाळून गाडीत मागे ठेवायच्या, सकाळी निघायचं, म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवता येईल आणि पोरांना फळा दिसेल एवढी सोय करून परतायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. डोंगराच्या पायथ्यापर्यंत हायवे होता. त्यापुढे रस्ता होता असं म्हणणं म्हणजे रस्त्याची थट्टा.

त्या थट्टेसाठीच दादाने ही गाडी बांधली होती. पुढे आणि मागे, दोन्हीकडे चाकांची जोडी एकेका अखंड लोखंडी दांड्यावर. अशी गाडी दगडधोंड्यांत हार मानत नाही. पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची खबर लागतेच. एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक जरा हलला की दुसऱ्याचा चहा सांडतो, तसं. यंदा ओढ्यात मोठे दगड वाहून आले, म्हणून दादाने म्हैस आणखी चार बोटं उंच केली. नव्या स्प्रिंगा घातल्या, मोठे टायर चढवले, कडक शॉकअप बसवले. दादाच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी गाडी थोडी उंच केली की सुटतात. आणि खरंच, ओढा तिने असा पार केला की पलीकडच्या वस्तीतली माणसं बघत राहिली.

हायवेवर मात्र तिने रंग दाखवला. चष्मेवाली एका रेषेत जायचं म्हणे आणि म्हैस थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हुंगत जायची. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरावं लागे, आणि संध्याकाळी चष्मेवालीचे खांदे भरून आलेले असत. तिने दादाला सांगितलं तेव्हा त्याने स्टिअरिंगला हिसके शोषून घेणारा एक जाडजूड दट्ट्या लावून दिला. थरथर कमी झाली, भटकणं तेवढंच राहिलं. अशातच वहिनी एकदा तिच्याबरोबर निघाली, वाटेत बहिणीच्या घरी उतरायचं म्हणून. उड्डाणपुलावर लोखंडी जोड येतो, त्यावरून जाताना म्हशीने बाजूला अशी उडी मारली की ती शेजारच्या पट्ट्यात घुसली. तिथे टँकर होता. टँकरवाल्याने कसंबसं सावरलं, चष्मेवालीनेही सावरलं, आणि वहिनी बहिणीच्या दारात उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वहिनीने न बोलणं ही त्या घरात साधी गोष्ट नव्हती. ती शिवणकाम करायची, हाताखाली पाच-सहा मुली शिकायच्या, आणि दिवसभर मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय झालेली. परत येताना ती बसने आली. चहाचा कप हातात घेऊन तिने शांतपणे सांगितलं, की ताईंनी आता हायवेवर गाडी चालवू नये. दुसरा कोणी चालवेल, ताईंनी शेजारी बसावं. तिला चष्मेवालीचा राग आला नव्हता. ती घाबरली होती, आणि मुख्य म्हणजे तिला नणंद जिवंत हवी होती.

चष्मेवालीला लागलं ते वेगळंच. दादा म्हणाला, “गाडीत काही नाही, बारके. हात पूर्वीसारखे राहत नाहीत माणसाचे.” हे म्हणणारा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि म्हशीला चिखलाच्या बाहेर फारसं कधी न चालवलेला. त्याने एक निवृत्त बसड्रायव्हर बघूनही ठेवला होता. रविवारी संध्याकाळी फोन करून त्याला पक्कं सांगायचं ठरलं. माणूस चांगला होता. पण गाडीत पुढे दोनच सीट, आणि दुसऱ्या सीटवर चष्मेवालीबरोबर जाणारी माणसं बसत: मोतीबिंदूची एखादी आजी शहरात आणायची असे, कुणाचा नंबर वाढला असे. ती जागा गेली की आजीही तिथेच राहणार. त्याहून मोठं म्हणजे, आपले हात गेले हे एकदा मान्य केलं की माणूस दुसऱ्या दिवसापासून म्हातारा होतो, हे ती दुकानात रोज बघत होती. तिला ते मान्य नव्हतं. निदान तपासल्याशिवाय नव्हतं.

“रविवारपर्यंत म्हैस आणि तू, दोघं माझ्या ताब्यात,” तिने दादाला सांगितलं. “रविवारी वहिनींना शेजारी बसवून मी गाडी काढीन. सरळ गेली तर मी चालवणार. नाही गेली तर लाव फोन.”

वहिनीने यावर मान डोलावली, पण ती शेजारी बसेल की नाही याबद्दल काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चष्मेवाली गॅरेजात हजर. गॅरेज म्हणजे गल्लीच्या टोकाचा पत्र्याचा मांडव, भिंतीवर पान्यांच्या रांगा, जमिनीवर तेलाचे जुने डाग आणि मध्ये उभी म्हैस. दादाने नेहमीप्रमाणे सुचवायला सुरुवात केली: हे बदलू, ते बदलू, मागून आणखी एक पट्टा टाकू. चष्मेवालीने त्याला थांबवलं. तिच्या धंद्यात एक गोष्ट डोळे मिटून पाळली जाते. माणसाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं: हे बरं, की ते? एका वेळी एकच भिंग. दोन एकदम बदलली आणि पेशंट म्हणाला, हां, आता दिसतंय, तर कशामुळे दिसतंय ते देवालाच ठाऊक.

“तू तीन भिंगं एकदम बदललीस,” ती म्हणाली, “आणि वर चौथं लावून त्यावर पडदा टाकलास. आधी तो पडदा काढ.”

पडदा म्हणजे स्टिअरिंगचा तो दट्ट्या. दादाने कुरकुरत काढला. दोघं हायवेवर गेली: उड्डाणपूल ते पेट्रोल पंप, तोच तुकडा, तोच वेग, हे तिने ठरवून टाकलं होतं. दट्ट्या निघाल्यावर म्हैस आधीपेक्षा वाईट वागली. पुलाच्या जोडावर स्टिअरिंग हातात थरथरलं. दादाचा चेहरा उतरला. चष्मेवालीचा खुलला. इतके दिवस गाडी तोंडात बोळा घालून बसली होती, आता निदान कुठे दुखतंय ते सांगत होती.

मग एकेक सुरू झालं. टायरमधली हवा चिखलासाठी कमी ठेवलेली होती, ती हायवेपुरती वाढवली. फेरी मारली. हे बरं की ते? हे बरं, पण थोडंच. मग पुढच्या दांड्याचा कल. हे दादानेच तिला सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज पडला, कारण ते त्याला आधीच सुचायला हवं होतं. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो. म्हणून दोन्ही हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीचंही तेच. चार बोटं उंच करताना पुढचा दांडा स्वतःभोवती किंचित फिरला आणि तो रेललेपणा गेला. दादाने तो परत आणला. त्या फेरीत वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मधोमध आलं, आणि चष्मेवालीने कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हाताची पकड सैल केली.

पुलाच्या जोडावरची उडी अजून होतीच. दांड्याने डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी सळई असते, आणि तिच्या शेजारून स्टिअरिंगची सळई चाकाकडे जाते. दोघींचा उतार सारखा असेल तर दोघी मिळून वरखाली होतात. उंचीमुळे दोघींचं बिनसलं होतं: एकीने इकडे ओढायचं, दुसरीने तिकडे, आणि बिचाऱ्या चाकाने कोणाचं ऐकायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. घरात त्या आठवड्यात दादाची गत काही वेगळी नव्हती. त्याने एक नवी पकड कापून, वेल्डिंग करून सळईचं टोक खाली आणलं, दोघी समांतर झाल्या, आणि पुढच्या फेरीला म्हैस पुलाचा जोड ओलांडून जशी गेली तशीच सरळ पुढे गेली. चष्मेवालीने परतीची फेरी त्याच जोडावरून दोनदा घेतली, केवळ सुखासाठी.

आता भटकणं बहुतेक गेलं होतं, पण चाल कडक होती. शॉकअप मऊ जातीचे लावून पाहिले, बरं झालं, तरी रस्त्यावरची बारीकसारीक शिवणसुद्धा सीटपर्यंत पोचायची. चष्मेवाली म्हणाली की हिची कंबर धरली आहे. यंत्राला कंबर नसते असं दादा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या काहीतरी लक्षात आलं. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ तिथून नुसता बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरताना दिसत राहिला.

“बारके,” तो खालूनच म्हणाला, “मी गाढव आहे.”

दांडे गाडीला जोडणाऱ्या सळयांच्या टोकांना हादरे गिळणारे रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट आवळायचे ते गाडी चारही चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं अधांतरी लोंबकळलेली, अशा वेळी आवळले तर रबर त्याच लोंबत्या स्थितीत अडकून बसतं. मग गाडी जमिनीवर आली की ते सतत पिळलेलं राहतं. ही गोष्ट दादा गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आला होता. आणि म्हैस उंच केली त्या दिवशी, बहिणीला दुसऱ्या सकाळी डोंगरात जायचंय म्हणून, घाईने सगळे बोल्ट त्याने हवेतच आवळले होते. त्याने ते एकेक करून सैल केले, गाडी खाली घेतली, पुढेमागे ढकलून अंग मोकळं करायला लावलं आणि मग जमिनीवर आडवा होऊन पुन्हा आवळले. त्यानंतरच्या फेरीत दादा स्वतः चालवायला बसला. त्याने दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि गाडी ओळंबा लावल्यासारखी सरळ चालली होती.

परत येताना चष्मेवालीने गाडी घेतली, आणि तिथे पंचाईत झाली.

फार काही नाही. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तिच्या हातात म्हैस अजून किंचित डावीकडे जायची, ती सावरायची, मग किंचित उजवीकडे. पट्ट्याच्या आत, सुरक्षित, तरी सरळ नाही. तिने शेजारी पाहिलं. दादा खिडकीबाहेर उगाच शेतं बघत होता. त्याच्याही लक्षात आलं होतं.

“झकास आहे,” तो म्हणाला. “रविवारी वहिनीला बसव आणि मोकळी हो.”

तो तिला झाकून घेत होता, आणि हे तिला त्या टँकरपेक्षा जास्त लागलं. म्हणजे हातच. म्हणजे दादा आधी म्हणाला ते खरं होतं. तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हो म्हणून टाकायला काय जात होतं? रविवारची फेरी वहिनीच्या डोळ्यांना सरळच दिसली असती. पण आठवडाभर जिने दादाला एकेका भिंगाचा हिशेब मागितला, तिला आपल्यापुरता हिशेब सोडून देणं जमेना. गाडी तीच. रस्ता तोच. वेग तोच. दादा चालवतो तेव्हा सरळ, मी चालवते तेव्हा नाही. मग माझ्यात काय काय बदलता येईल? हात बदलता येत नाहीत. ते शेवटी बघू. आधी जे बदलता येतं ते.

तिने डॅशबोर्डच्या खणातून जुना चष्मा काढला. साधा, फक्त लांबचा, एका काडीला दोरा बांधलेला. नाकावरचा नवा काढून ठेवला आणि तो लावला.

गाडी सरळ गेली. पेट्रोल पंपापर्यंत, तिथून वळून पुलापर्यंत, जोडावरून, पुढे. पट्ट्याची पांढरी रेघ जिथल्या तिथे राहिली. मध्येच तिने थांबून पुन्हा नवा चष्मा लावून पाहिला: रेघ पोहायला लागली. हे बरं, की ते? उत्तरात काही शंकाच नव्हती.

नवा चष्मा तिने म्हैस उंच झाली त्याच सुमारास स्वतःसाठी केला होता. वर लांबचा नंबर, खाली वाचनाचा, मध्ये दोन्हींची हळूहळू सांधेजोड. अशा काचेत डोळ्याच्या बाहुलीची उंची अचूक लागते. समोरच्याला ताठ बसवायचं, सरळ बघायला सांगायचं आणि काचेवर पेनाने ठिपका द्यायचा. उभ्या जन्मात तिने असे किती ठिपके दिले असतील. स्वतःचे मात्र तिने गिऱ्हाईक नसताना, काउंटरवरच्या बुटक्या आरशात, हनुवटी छातीला टेकवून आणि डोळे वर करून दिले होते. ठिपका वर गेला. काउंटरवर वाकून काम करताना चष्मा अगदी छान वाटायचा. गाडीत ताठ बसलं की लांबचा रस्ता नेमका मधल्या सांध्यातून दिसायचा, किंचित धुरकट, कडेला डुलणारा, आणि तिचे हात त्या डुलणाऱ्या रस्त्याचा पाठलाग करायचे.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. हात शाबूत होते याचा आनंद त्या लाजेच्याही वर तरंगत होता, हेही खरं. तिने दादाला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे तूसुद्धा हवेतच आवळलंस,” तो म्हणाला, आणि मग दोघं हायवेच्या कडेला, जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी वळून बघावं इतकी हसली.

घर जवळ आलं तसा दादा गंभीर झाला. वहिनीला चष्म्याचं सांगू नकोस, असं त्याचं म्हणणं पडलं. ती एवढंच ऐकेल की डोळ्यांत दोष होता, आणि विषय संपला. चष्मेवालीला ते पटत होतं; वहिनीला ती तीस वर्षं ओळखत होती. पण जिला शेजारी बसवायचं तिच्यापासूनच हे लपवायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

वहिनी मशीनवर होती. चष्मेवालीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं: दट्ट्या, हवा, कल, दोन सळया, बोल्ट. बोल्टांवर दादाने स्वतः पुढे होऊन मान खाली घातली. मग चष्म्याचं. वहिनीने पायपट्टीवरचा पाय काढला. मशीन थांबलं.

“म्हणजे तुम्ही दोघा भावंडांनी मिळून मला संपवायचा बेत केला होता,” ती म्हणाली. तिने विचारलं, “जास्त कोणाचं? गाडीचं की तुमचं?”

“जास्त गाडीचं. माझं थोडं,” चष्मेवाली म्हणाली. “पण टँकर जवळ यायला थोडं पुरतं, वहिनी. तुम्ही घाबरलात ते बरोबर होतं. हात गेले असं दादा म्हणाला, ते चूक.”

वहिनीने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. घडी करायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

“स्वतःचं माप स्वतः घेतलंत,” ती शेवटी म्हणाली. “अहो, माझ्याकडच्या मुलींना मी पहिली गोष्ट शिकवते ती ही. टेप धरायला वाकलं की खांदा उतरतो, आणि मग म्हणायचं कापड वाईट. आणा ती फ्रेम. आणि तुमचा तो पेन.”

चष्मेवालीने नव्या चष्म्याची फ्रेम दुकानातून साध्या काचा बसवून आणली आणि खुर्चीवर ताठ बसली. वहिनीने मान हलवली.

“इथे नको. गाडीत बसा. चालवताना बसता तशा.”

तिघं अंगणात आली. चष्मेवाली म्हशीच्या सीटवर चढली, पाठ टेकली, हात स्टिअरिंगवर ठेवले. वहिनी एका हातात पेन घेऊन, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरून पायरीवर उभी राहिली आणि तिच्या तोंडासमोर वाकली, इतकी जवळ की तिचा श्वास चष्मेवालीच्या गालाला लागत होता. तिने चष्मेवालीची हनुवटी बोटाने किंचित वर केली.

“माझ्याकडे नाही. लांब बघा. गल्लीच्या शेवटाला.”

चष्मेवालीने लांब पाहिलं. वहिनीचा हात जराही हलला नाही; काचेवर एक ठिपका पडला, मग दुसरा. वहिनीने डोकं मागे घेऊन दोन्ही एका रेषेत आहेत का ते पाहिलं, समाधान होईपर्यंत पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं.

“हा तयार होईपर्यंत जुनाच घाला,” ती म्हणाली. मग पायरीवरून न उतरताच तिने दादाकडे वळून सांगितलं, की त्या ड्रायव्हरला फोन करा आणि नको म्हणून कळवा, रविवारची वाट बघत बसू नका. दादा फोन आणायला आत गेला. वहिनी गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे आली, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला.